कार्ट भरते, मग खरेदी अडते कुठे?

ऑनलाइन दुकानात वस्तू कार्टमध्ये टाकणाऱ्या दर १० जणांपैकी साधारण ७ जण पैसे न भरताच निघून जातात. डेन्मार्कमधली बेमार्ड इन्स्टिट्यूट ही संस्था अनेक वर्षं वेगवेगळ्या अभ्यासांतले आकडे गोळा करून त्यांची सरासरी काढते, आणि ती ७० टक्क्यांच्या आसपासच घुटमळत राहते. नवा दुकानदार हा आकडा पहिल्यांदा ऐकतो तेव्हा हबकतो. पण यातले पुष्कळ जण मुळात घ्यायला आलेलेच नसतात. कुणाला नुसता भाव बघायचा असतो, कुणाला दोन दुकानांत तुलना करायची असते, कुणी पुढच्या महिन्यात घेऊ म्हणून वस्तू बाजूला काढून ठेवतं. त्यांना थांबवण्यासाठी धडपडण्यात फारसा अर्थ नाही.

प्रश्न आहे तो उरलेल्यांचा. घ्यायचं ठरवून आले होते, वस्तू पसंत होती, किंमतही मान्य होती, तरी मध्येच गेले. बेमार्डने अशा लोकांना कारणं विचारली, तेव्हा पाहणीमागून पाहणीत एक कारण सगळ्यात वर राहिलं: शेवटच्या पायरीवर वाढलेला खर्च. त्याखालोखाल खातं उघडण्याची सक्ती, डिलिव्हरीला लागणारा वेळ, कार्डाची माहिती द्यावी इतका विश्वास न वाटणं, आणि चेकआउटचं, म्हणजे पत्ता देऊन पैसे भरण्याच्या टप्प्यांचं, लांबलेलं गुऱ्हाळ. यातलं एकही कारण वस्तूबद्दल नाही, हे लक्षात घ्या. माल चांगला होता. अडलं ते मालापासून पैशांपर्यंतच्या वाटेवर.

ही वाट सोपी करायची म्हटलं की पहिला सल्ला मिळतो तो क्लिक कमी करण्याचा. 'कुठलीही गोष्ट तीन क्लिकमध्ये मिळाली पाहिजे' असा एक नियम वेबसाइट बनवणाऱ्यांत वर्षानुवर्षं फिरतो आहे. २००३ साली वेबसाइटच्या वापराचे अभ्यासक जोशुआ पोर्टर यांनी तो तपासून पाहिला. ४४ जणांनी केलेली ६२० कामं त्यांनी चाळली. क्लिकची संख्या आणि काम अर्ध्यावर सोडणं यांचा काहीच संबंध दिसला नाही. तीन क्लिकनंतर कुणी वैतागून उठलं नव्हतं, आणि कमी क्लिकमध्ये काम झालेले लोक जास्त खूश होते असंही नव्हतं.

मग माणूस वैतागतो कशाने? प्रत्येक टप्प्यावर त्याच्या मनात एखादी शंका असते. हे माझ्या मापाचं आहे का, एकूण किती पडेल, कधी येईल, नको वाटलं तर परत घेतील का. समोरच्या पानावर तिचं उत्तर असेल तर तो आपसूक पुढे जातो, मग क्लिक सात पडोत की नऊ. उत्तर नसेल तर एका क्लिकचं दुकानही त्याला अवघड वाटतं. या लेखात पुढे जे काही येईल त्याच्या मुळाशी एवढंच आहे.

आधी वस्तू सापडू तर द्या

दुकानात नेमकं काय हवं ते ठरवून आलेला माणूस मेनू वाचत बसत नाही, तो सर्चच्या चौकटीत लिहितो. आणि लिहिताना तुमच्या गोदामाच्या यादीतला शब्द वापरत नाही. तुम्ही 'बुकशेल्फ' म्हणून नोंदवलेलं असतं, तो 'पुस्तकांचं कपाट' लिहितो, 'रॅक' लिहितो, रोमन अक्षरांत मराठी लिहितो, घाईत एखादं अक्षर गाळतो. दुकान उत्तर देतं: 'काहीही सापडलं नाही.' माल गोदामात धूळ खात पडलेला आणि गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात ते हेच, फक्त वळसा घालायला कुणी थांबत नाही.

यावरचा उपाय महागडा नाही. बहुतेक दुकानांच्या सॉफ्टवेअरमध्ये लोकांनी काय शोधलं आणि कशाला शून्य उत्तरं आली याची यादी साठत असते. ती महिन्यातून एकदा उघडायची. त्यात तुमच्या ग्राहकांची खरी भाषा असते. तिथले शब्द वस्तूंच्या नोंदीत समानार्थी म्हणून घालायचे, नेहमीच्या चुका ओळखायला सर्चला शिकवायचं, आणि खरोखरच काही नसेल तेव्हा कोऱ्या पानाऐवजी जवळच्या दोनचार गोष्टी दाखवायच्या. बरेच दुकानदार ही यादी आयुष्यात एकदाही उघडत नाहीत. जाहिरातीवर मात्र दर आठवड्याला खर्च करतात.

वस्तू फार झाल्या की माणूस गोंधळतो आणि काहीच घेत नाही, असंही हमखास सांगितलं जातं. त्यामागे २००० साली प्रसिद्ध झालेला शीना अय्यंगार आणि मार्क लेपर या मानसशास्त्राच्या अभ्यासकांचा जॅमच्या बाटल्यांचा प्रयोग आहे. २४ प्रकार मांडले तेव्हा बघायला आलेल्यांपैकी ३ टक्क्यांनी खरेदी केली, ६ मांडले तेव्हा ३० टक्क्यांनी. प्रयोग गाजला. पण २०१० मध्ये या विषयावरच्या अनेक प्रयोगांचा एकत्रित हिशेब मांडला गेला, तेव्हा सरासरी परिणाम जवळपास शून्य निघाला. काही ठिकाणी पर्याय वाढल्याने खरेदी घटली, काही ठिकाणी वाढली. म्हणजे निम्मा माल काढून टाकायची गरज नाही. तुलना करता आली पाहिजे. उंची, रुंदी, लाकूड की लोखंड, किंमत, कधी मिळेल, यांवर फिल्टर लावता आला तर २०० कपाटांतूनही माणूस दहा मिनिटांत दोनवर येतो. फिल्टर फक्त 'नवीन' आणि 'लोकप्रिय' एवढेच असतील तर २० कपाटंही डोकं उठवतात.

वस्तूचं पान

समजा कपाट मिळालं. आता ग्राहकाला ते हाताने चाचपता येत नाही, दार उघडून बघता येत नाही, शेजारी उभं राहून उंचीचा अंदाज घेता येत नाही. हे सगळं त्या एका पानाने करायचं आहे. तरीही कितीतरी पानांवर पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा एक देखणा फोटो आणि 'आपल्या घराची शोभा वाढवणारं' असलं एक वाक्य, एवढंच असतं. शोभा वाढेल की नाही ते माणूस बघून घेईल. त्याला भिंतीवरची जागा ठाऊक आहे, कपाटाची रुंदी ठाऊक नाही.

मापं लिहा, आणि कशाची ते सांगा. बाहेरून बाहेर की आतल्या फळीची? एका फळीवर किती वजन चालेल? सुटे भाग येतात की जोडून येतं? जोडायला स्क्रू-ड्रायव्हर आपला लागतो का? फोटोंमध्ये एक तरी असा हवा ज्यात कपाटाशेजारी माणूस, खुर्ची किंवा दार दिसतंय, म्हणजे आकार डोळ्यांना कळतो. एक फोटो जवळून, कडा आणि बिजागरी दाखवणारा. एक मागच्या बाजूचा. मागची बाजू कुणी सजवून दाखवत नाही, म्हणून तिचा फोटो असला की पानावरचा भरवसा वाढतो. कपडे नि बुटांच्या बाबतीत मापांचा तक्ता असतोच, पण तो तुमच्या कारखान्याचा असावा, कुठून तरी उचललेला नव्हे. नुसतं 'एल' लिहिण्यापेक्षा छातीचा घेर सेंटीमीटरमध्ये लिहिला तर माणूस घरातला एखादा अंगाला बसणारा शर्ट मोजून खात्री करून घेतो.

खरेदी करणाऱ्यांचे अभिप्राय म्हणजे रिव्ह्यू. इथे दुकानदार एक हमखास चूक करतात, वाईट रिव्ह्यू दडवतात. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या स्पीगल रिसर्च सेंटरने रेटिंग, म्हणजे ५ पैकी मिळालेले तारे, आणि विक्रीचा संबंध तपासला. विक्रीची शक्यता सगळ्यात जास्त होती ती ४ ते ४.७ च्या दरम्यान. पुढे ५ च्या जवळ जाताना ती घसरू लागली. सगळंच गोड असलं की माणसाला वास येतो. 'कपाट चांगलं आहे, पण जोडायला दोन माणसं लागतात' असा तीन ताऱ्यांचा रिव्ह्यू दुकानाच्या दहा जाहिरातींपेक्षा जास्त काम करतो. एकटी राहणारी व्यक्ती तो वाचून कुणाला तरी मदतीला बोलावून ठेवते, आणि नंतर कपाट परत पाठवत नाही.

डिलिव्हरीची तारीख याच पानावर सांगा. '३ ते ५ कामाचे दिवस' हे वाचून ग्राहकाला स्वतः गणित करावं लागतं. आज धरायचा का? शनिवार कामाचा का? ते गणित तुमच्या संगणकाने करावं आणि 'बुधवारपर्यंत मिळेल' असं लिहावं. परत करण्याची अटही इथेच, एका ओळीत: किती दिवसांत, येण्याजाण्याचा खर्च कुणाचा, पैसे कधी परत. सविस्तर नियम दुसऱ्या पानावर असू द्यात, पण ही ओळ बटणाच्या जवळ हवी, कारण बोट बटणावर जाताना हीच शंका मनात असते.

आणि खर्च. पहिल्या क्रमांकाचं कारण हेच आहे, आणि ते दूर करायला तंत्रज्ञान लागत नाही, फक्त धीर लागतो. वस्तूची किंमत कमी दाखवायची आणि पोहोचवण्याचा खर्च, कर, हाताळणीचं शुल्क शेवटच्या पानावर एकेक करून चढवायचं, याला इंग्रजीत ड्रिप प्रायसिंग म्हणतात, थेंबाथेंबाने किंमत वाढवणं. दुकानदाराला वाटतं, माणूस इतका पुढे आलाय तर आता भरेलच. काही भरतात. बाकीचे निघून जातात, आणि जे भरतात तेही पुढच्या वेळी येताना हात आखडता घेतात. वस्तूच्या पानावर पिनकोड टाकला की एकूण आकडा दिसावा. पोहोचवण्याचा खर्च किमतीतच धरता आला तर उत्तम. नाहीतर निदान कार्टच्या पहिल्या पानावर तरी तो उघड असावा.

नमनालाच घडाभर तेल

आता माणूस कार्टमध्ये आहे, पाकीट हातात आहे, आणि दुकान त्याला म्हणतं: आधी खातं उघडा. नाव, ईमेल, मोबाइल, पासवर्ड. पासवर्डात एक मोठं अक्षर, एक अंक, एक चिन्ह. मग ईमेल उघडून पडताळणी. एकदाच कपाट घ्यायचं होतं हो!

याची एक प्रसिद्ध हकिगत आहे. जॅरेड स्पूल या वापरसुलभतेच्या तज्ज्ञांनी ती २००९ मध्ये लिहिली, आणि कंपनीचं नाव त्यांनी गुलदस्त्यातच ठेवलं. एका मोठ्या विक्रेत्याच्या साइटवर चेकआउटच्या आधी लॉगिनचा छोटासा फॉर्म होता. ईमेल, पासवर्ड आणि दोन बटणं: लॉगिन, रजिस्टर. साइट बनवणाऱ्यांना वाटलं होतं, नव्यांना एकदाच तसदी, जुन्यांची कायमची सोय. प्रत्यक्षात नवे लोक चिडत होते, आणि जुन्यांना पासवर्ड आठवत नव्हता, ईमेल कुठला दिला होता तेही आठवत नव्हतं. तपासणीत दिसलं की ४५ टक्के ग्राहकांची एकाहून जास्त खाती होती, काहींची तर १०. दिवसाला १,६०,००० लोक पासवर्ड विसरल्याची विनंती करत, आणि त्यातले ७५ टक्के पुढे खरेदी पुरी करतच नव्हते. उपाय केला तो एवढाच: रजिस्टरच्या जागी 'पुढे चला' असं बटण, आणि शेजारी एक ओळ की खरेदीसाठी खातं लागत नाही, हवं असल्यास नंतर उघडता येईल. खरेदी पुरी करणारे ४५ टक्क्यांनी वाढले. पहिल्या वर्षात विक्री ३० कोटी डॉलरनी चढली.

खातं नकोच असं माझं म्हणणं नाही. ते कधी मागायचं एवढाच मुद्दा आहे. ऑर्डर झाल्यावर आभाराच्या पानावर 'पासवर्ड ठरवून ठेवता का? पुढच्या वेळी पत्ता भरावा लागणार नाही' असं विचारा. नाव, ईमेल, पत्ता तोवर तुमच्याकडे आलेलाच असतो, त्यामुळे एकच रकाना भरायचा उरतो. आणि परत परत येणाऱ्यांसाठी साठवलेल्या माहितीची किंमत किती मोठी असते हेही खरं. ॲमेझॉनने एका क्लिकमध्ये खरेदी करण्याच्या पद्धतीचं अमेरिकन पेटंट १९९९ मध्ये मिळवलं, पुढच्याच वर्षी ॲपलने ते वापरण्याचा परवाना विकत घेतला, आणि २०१७ मध्ये मुदत संपेपर्यंत ॲमेझॉनने ते जपलं. पण तो एक क्लिक त्यांच्यासाठी, ज्यांचा पत्ता आणि कार्ड दुकानाकडे आधीपासून आहे. पहिल्यांदा आलेल्याला तो काही कामाचा नाही.

फॉर्ममधला प्रत्येक रकाना काहीतरी मागतो

एक्सपीडिया या प्रवासाच्या बुकिंगच्या साइटवर पैसे भरण्याच्या पानावर नावाखाली 'कंपनी' असा एक रकाना होता. ऐच्छिक. कुणाला त्रास होईल असं कुणाला वाटलं नाही. मात्र बुक करण्याचं बटण दाबूनही बऱ्याच जणांचा व्यवहार पुरा होत नव्हता. शोध घेतल्यावर कळलं की लोक त्या रकान्यात आपल्या बँकेचं नाव लिहीत होते, आणि मग पुढच्या पत्त्याच्या रकान्यात बँकेचाच पत्ता टाकत होते. कार्डाचा पत्ता जुळेना, पेमेंट नाकारलं जाई. रकाना काढून टाकला आणि वर्षाला १.२ कोटी डॉलरचा नफा वाढला. ही गोष्ट २०१० मध्ये त्यांच्याच अधिकाऱ्याने सांगितली. ऐच्छिक रकाना फुकट असतो या समजाला याहून चांगलं उत्तर नाही.

बेमार्डच्या २०२४ च्या मोजणीत चेकआउटमध्ये सरासरी ११ हून जास्त रकाने होते. बहुतेक दुकानांचं काम ८ मध्ये भागेल असं त्यांचं म्हणणं आहे. आडनावासाठी वेगळा रकाना कशाला? एकाच रकान्यात पूर्ण नाव घ्या. जन्मतारीख कपाट पोहोचवायला लागत नाही. पत्त्याची दुसरी ओळ हवी त्याने उघडावी. बिलाचा पत्ता डिलिव्हरीच्या पत्त्यासारखाच धरून चाला, वेगळा असेल तर तो सांगेल. फोन नंबर हवाच असेल तर कशासाठी ते शेजारी लिहा, 'फक्त डिलिव्हरीच्या दिवशी संपर्कासाठी'. आणि मग खरंच फक्त तेवढ्यासाठीच वापरा.

उरलेले रकाने भरणं हलकं कसं करायचं, यात बारीक गोष्टी पुष्कळ आहेत आणि त्या बहुतेक एका दिवसात होण्यासारख्या आहेत. प्रोग्रॅमरने प्रत्येक रकान्याला त्याचा प्रकार नीट सांगितला, हे नाव, हा पिनकोड, हा कार्ड क्रमांक, तर ब्राउझर स्वतःच साठवलेली माहिती भरतो. त्याला ऑटोफिल म्हणतात. अंकांच्या रकान्यात फोनवर अंकांचाच कीबोर्ड उघडावा. रकान्याचं नाव रकान्याच्या वर असावं, आत फिकट अक्षरात नको, कारण लिहायला सुरुवात केली की ते गायब होतं आणि मधेच फोन वाजला तर परत येईपर्यंत इथे काय लिहायचं होतं ते आठवत नाही.

कार्ड क्रमांकाची मला विशेष चीड आहे. बहुतेक कार्डांवर तो चार-चार अंकांच्या गटांत छापलेला असतो. माणूस तसाच, मध्ये जागा सोडून लिहितो, आणि फॉर्म म्हणतो 'अवैध क्रमांक'. त्या जागा काढून टाकणं ही प्रोग्रॅममधली एक ओळ आहे! उलट एखादा अंक खरोखर चुकला असेल तर ते बँकेकडे न जाताही कळतं. आयबीएममधल्या हान्स पीटर लून यांनी १९५४ मध्ये अर्ज करून १९६० मध्ये एका पडताळणीच्या युक्तीचं पेटंट घेतलं. कार्डाचा शेवटचा अंक बाकीच्या अंकांवरून ठरवलेला असतो. उजवीकडून एक सोडून एक अंक दुप्पट करायचा, सगळ्यांची ठरावीक रीतीने बेरीज करायची, आणि तिला १० ने पूर्ण भाग गेला पाहिजे. कुठलाही एक अंक चुकला की बेरीज फिसकटते. तेव्हा 'क्रमांकात एखादा अंक चुकलेला दिसतोय, पुन्हा पाहता का?' हे रकाना सोडताक्षणी सांगता येतं. पूर्ण फॉर्म पाठवून, पान पुन्हा उघडून, वर लाल पट्टीत 'त्रुटी आढळली' असं लिहिण्याची गरज नाही. आणि एका रकान्यात चूक झाली म्हणून बाकीचे रिकामे करणं हा तर शुद्ध छळ आहे.

कूपनचा रकाना. चेकआउटवर ठळक, रिकामी 'कूपन कोड' चौकट दिसली की ज्याच्याकडे कोड नाही त्यालाही वाटतं, कुणाला तरी स्वस्तात मिळतंय. तो दुसरी टॅब उघडून कोड शोधायला जातो. तिथून परत येईलच असं नाही. छोट्या अक्षरांतल्या 'कूपन आहे?' या दुव्यामागे ती चौकट ठेवली तरी ज्याच्याकडे कोड आहे त्याला ती बरोबर सापडते.

पैसे गेले का?

सगळ्या वाटेवरची सगळ्यात मोठी भीती इथे आहे. बटण दाबलं, चाक फिरतंय, स्क्रीन अडकली. पैसे गेले? ऑर्डर झाली? पुन्हा दाबू? दाबलं तर दोनदा जातील?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तंत्राने द्यायचं असतं. ग्राहक पैसे भरण्याच्या पानावर येतो तेव्हाच त्या व्यवहाराला एक खास क्रमांक द्यायचा. मग बटण तीनदा दाबलं गेलं, नेट तुटून परत जुळलं, पान पुन्हा उघडलं, तरी तोच क्रमांक पुन्हा आलेला पाहून सर्व्हर म्हणतो, हे काम एकदा झालंय, आणि जुनंच उत्तर परत देतो. याला आयडेम्पोटन्सी की म्हणतात. पेमेंटची सेवा देणाऱ्या बऱ्याच कंपन्यांकडे ही सोय असते. ती वापरली आहे ना, एवढं तुमच्या प्रोग्रॅमरला विचारा. शिवाय एकदा दाबल्यावर बटण निष्क्रिय होऊन 'बँकेकडून उत्तर येतंय, हे पान बंद करू नका' असं दिसलं पाहिजे.

पेमेंट अडलं तर संदेशात तीन गोष्टी हव्यात: पैसे कापले गेले का, कार्ट शाबूत आहे का, आणि आता काय करायचं. 'काहीतरी चुकलं, पुन्हा प्रयत्न करा' यात तिन्ही नाहीत. 'तुमच्या बँकेने व्यवहार नाकारला. पैसे कापलेले नाहीत. तुमच्या वस्तू कार्टमध्ये आहेत, दुसऱ्या पद्धतीने भरून पाहा' यात आहेत. बँकेचं उत्तर अजून आलेलं नसेल तर तसं सांगा आणि किती वेळात कळवाल तेही. खोटा दिलासा देऊ नका.

विश्वासासाठी काही दुकानं 'शंभर टक्के सुरक्षित' असले शिक्के ओळीने चिकटवतात. ब्राउझरमध्ये वर साइटचा पत्ता दिसतो त्या पट्टीतलं कुलूप म्हणजे भरवशाचं दुकान अशी समजूतही बरीच वर्षं होती. कुलपाचा अर्थ फक्त मधल्या वाटेवर कुणी माहिती वाचू शकत नाही एवढाच. पलीकडे बसलेला प्रामाणिक आहे की नाही हे ते सांगत नाही, आणि फसवणुकीच्या साइटींनाही ते सहज मिळतं. म्हणूनच गुगलने २०२३ मध्ये क्रोममधून ते चिन्ह काढलं. शिक्क्यांपेक्षा खरा पत्ता, माणसाने उचलला जाणारा फोन आणि शुद्ध लिहिलेली पानं जास्त कामाची.

फोनवर बघा, तोही साधा

दुकान बनवणारे मोठ्या पडद्यावर, वेगवान नेटवर काम करतात. घेणारा बसमध्ये उभा असतो, एका हाताने. गुगलचे वेगाचे मापदंड आता बऱ्यापैकी सर्वमान्य झालेत. पानावरचा मुख्य भाग २.५ सेकंदांत दिसावा, स्पर्श केल्यावर २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद यावा, आणि वाचता वाचता मजकूर जागचा हलू नये. शेवटचा त्रास ओळखीचा असेल: 'रद्द करा'वर बोट टेकवायला जावं, तोच वरून एखादी जाहिरात उघडावी, सगळं खाली सरकावं आणि बोट भलत्याच बटणावर पडावं. फोटोंसाठी आणि जाहिरातींसाठी आधीच जागा राखून ठेवली की हे थांबतं. पान जड होण्याचं कारणही बहुधा फोटोच असतात, कॅमेऱ्यातून काढलेले तसेच चढवलेले.

बटण बोटाला सापडेल एवढं मोठं हवं. ॲपलच्या सूचनेत ते किमान ४४ पॉइंट, गुगलच्या ४८ डीपी; ही दोन्ही पडद्यावरची मापं आहेत. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं प्रमाण वेब सुलभतेच्या निकषांनुसार निदान ४.५ला १ हवं. फिकट राखाडी अक्षरं देखणी दिसतात, उन्हात मुळीच दिसत नाहीत. चूक दाखवायला नुसता लाल रंग पुरत नाही, शब्दही हवेत, कारण युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे ८ टक्क्यांना लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही, आणि इतरत्रही असे लोक कमी नाहीत.

सोपं आणि लबाड

खरेदी सोपी करण्याच्या नावाखाली काही दुकानं भलतंच करतात. 'फक्त २ शिल्लक' असा खोटा इशारा, संपला की पुन्हा सुरू होणारा उलटा काउंटर, न विचारता कार्टमध्ये घातलेला विमा, 'नको, मला बचत करायची नाही' असं लिहिलेलं नकाराचं बटण. हॅरी ब्रिग्नल या डिझायनरने २०१० मध्ये अशा क्लृप्त्यांना डार्क पॅटर्न हे नाव दिलं. आता कायदेही आले आहेत. युरोपीय संघात आधीच खूण केलेल्या चौकटींतून जादा पैसे घेणं २०१४ पासून चालत नाही. भारताने २०२३ मध्ये अशा १३ प्रकारांची यादी करून त्यांना मनाई केली. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ॲमेझॉनवर दावा लावला होता. प्राइमचं सदस्यत्व घेणं सोपं आणि सोडणं अवघड केलं, असा आरोप होता. सोडण्याच्या त्या लांबलचक प्रक्रियेचं कंपनीतलं नाव एका प्रदीर्घ ग्रीक महाकाव्यावरून ठेवलेलं होतं. २०२५ मध्ये ॲमेझॉनने २५० कोटी डॉलरवर तडजोड केली.

आत येणं जितकं सोपं तितकंच बाहेर पडणंही, ही साधी कसोटी लावता येते. ऑर्डर रद्द करायला, वस्तू परत करायला, ईमेल बंद करायला किती पायऱ्या लागतात ते मोजा आणि खरेदीच्या पायऱ्यांशी ताडून पाहा.

तुमचं दुकान कुठे अडतंय?

हे तुम्हाला स्वतः बघून कळणार नाही. तुम्हाला सगळी बटणं पाठ आहेत. दुकान कधीही न पाहिलेल्या ५ जणांना एकेक करून बसवा. वापरसुलभतेचे तज्ज्ञ जेकब नीलसन यांच्या हिशेबाप्रमाणे ५ माणसांत वापरातल्या सुमारे ८५ टक्के अडचणी समोर येतात. हा आकडा सगळीकडे तंतोतंत लागू पडत नाही, पण शून्याऐवजी पाच हा फरक प्रचंड आहे. त्यांच्या हातात त्यांचाच फोन द्या आणि काम सांगा: 'दीड मीटरच्या भिंतीत बसेल असं कपाट घ्या, शनिवारच्या आत यायला हवं.' मनात जे येईल ते मोठ्याने बोलायला सांगा. मग गप्प बसा. हे सगळ्यात कठीण. समोरचा भलत्याच ठिकाणी बोट फिरवत असताना 'अहो, वर उजवीकडे' हे शब्द ओठांवर येतात, ते गिळायचे. तो कुठे थांबला, कुठे परत मागे गेला, कुठे भुवया उंचावल्या, कुठे 'हे काय?' म्हणाला, तेवढं लिहून घ्यायचं.

यादी लांब होईल. दुरुस्तीला शेवटाकडून सुरुवात करा: आधी पेमेंट, मग फॉर्म, मग कार्ट, मग वस्तूचं पान, आणि मुखपृष्ठ सगळ्यात शेवटी. पेमेंटच्या पानावर पोहोचलेल्याने घ्यायचं ठरवलेलं असतं, त्यामुळे तिथली एक अडचण दूर केली की परिणाम त्याच आठवड्यातल्या ऑर्डरींत दिसतो. बहुतेक जण मुखपृष्ठापासून सुरू करतात, कारण ते सगळ्यांना दिसतं आणि त्याच्या रंगावर प्रत्येकाला मत असतं.